मनोरी ते उत्तन: पंधरा वर्षांची वाट

मुंबईत धावणाऱ्यांचं पीक आलं ते २००४ नंतर. त्या वर्षी मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि मरीन ड्राइव्ह, पवई, बोरिवलीचं नॅशनल पार्क या वाटा ठरून गेल्या. खाडीपलीकडच्या धारावी बेटाकडे मात्र कितीतरी वर्षं फारसं कोणी फिरकलं नाही. साष्टीच्या वायव्य टोकाचा हा तुकडा. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची. मनोरी, कुळवेम, गोराई, उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी अशी गावं आणि भाईंदरकडे जाताना मोर्वे, राई, मुर्धे. मार्व्याच्या धक्क्यावरून तरीत बसलं की काही मिनिटांत मनोरी येते आणि तिथून उत्तनपर्यंत आठ-दहा किलोमीटरचा रस्ता ताडांच्या रांगा, भाजीचे मळे आणि वाटेवरचे क्रूस मागे टाकत जातो.

आमचं तिथे धावणं सुरू झालं २००९-१० च्या सुमारास. गोराईचा पॅगोडा नुकताच, फेब्रुवारी २००९ मध्ये, खुला झाला होता. मोठ्या अंतराचा सराव करायचा तर सिग्नल नसलेला, कुत्री कमी आणि सावली बरी असा रस्ता हवा, एवढाच तेव्हाचा हिशेब. पहिली काही वर्षं आम्ही घड्याळ लावून आलो आणि घड्याळ लावूनच गेलो. डांबरी रस्ता पायांना बडवायचा, नऊनंतर घाम सुकायचा नाही. गोराईची वाळू खुणावत होती, पण आम्ही पोचायचो तेव्हा कधी ती टणक पसरलेली असायची, तर कधी पाणी थेट सुरूंच्या मुळांशी आलेलं असायचं.

तिथला हिशेब शिकवला तो उत्तनच्या एका वयस्क कोळी काकांनी, जाळं विणता विणता. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे दुपारच्या भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुसरी भरती साधारण बारा तासांनी आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पूर्ण भरती भर दुपारी आणि मध्यरात्री, तर पहाटे सहाच्या सुमाराला समुद्र पार आत गेलेला. अष्टमीच्या आसपास, भांगाला, नेमक्या धावण्याच्या वेळी पाणी वर चढलेलं, आणि ते ओसरतं तेही थोडंच. तेव्हापासून लांब पल्ल्याचा रविवार आम्ही कॅलेंडरच्या लाल आकड्यावरून ठरवत नाही, तिथी बघून ठरवतो. उधाणाच्या पहाटे गोराईची ओली वाळू इतकी घट्ट असते की बुटाचा ठसाही नीट उमटत नाही. भांगाच्या दिवसांत मुकाट्याने डोंगरीचा चढ धरायचा.

हेच गणित मासेमारीचंही आहे, हे कळायला आणखी काही हंगाम गेले. बोंबील येतो डोलीला. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ते ओढून न्यायचं नसतं, भरती-ओहोटीचा ओघच मासळी आत लोटतो. उधाणाला ओघाला जोर, म्हणून मासळीही जास्त. भांगाला हात बसलेले. म्हणजे आम्हाला ज्या दिवसांत वाळू मिळते, त्याच दिवसांत उत्तनच्या बंदरात सगळ्यात जास्त लगबग असते.

ती लगबग बघायला थांबलं नाही तर या वाटेवर येऊन उपयोग काय, असं मला आता वाटतं. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या असतात, एकावर एक दोऱ्या ताणलेल्या. टोपलीतून बाया दोन बोंबील उचलतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. एक या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला. बोटं चालू असताना गप्पाही चालू असतात आणि नजर आभाळाकडे. पहाटेचा मतलई वारा कोरडा, तो बोंबलाला मानवतो आणि आम्हालाही. दहाच्या सुमारास वारा फिरतो, खारे वारे सुरू होतात, आणि तोवर आम्ही तरीवर पोचलेलं बरं.

२०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात 'क्यार' आणि त्यापाठोपाठ 'महा' ही वादळं उठली. हंगाम नुकता रंगात येत होता आणि पाऊस हटेना. वलांडीवर भिजलेल्या बोंबलाचं खतापलीकडे काही होत नाही. त्या दिवसांत रस्त्यावर पसरलेला वास अजून आठवतो. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, तर बंद झाली, आणि भाईंदरच्या बाजूने परत जाता आलं ते फार उशिरा. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेलं. मासेमारीबंदीचा काळ १ जूनला सुरू होतो. त्याआधीचे शेवटचे दोन आठवडे कोळ्यांच्या हातून गेले.

टाळेबंदीनंतर गर्दी वाढली. सायकलवाले आले, धावण्याचे नवे गट आले, आणि काहींनी वाळत घातलेल्या मासळीच्या शेजारीच पाण्याची टेबलं आणि स्पीकर मांडले. बायांनी हरकत घेतली, आणि त्यांचं बरोबरच होतं. ती जागा त्यांच्या कामाची आहे. आमच्या गटाने तेव्हापासून एक साधा नियम पाळला आहे: बंदरात थांबा नाही, पाणी चौक गावात, धारावीच्या किल्ल्याखाली. थांबायला ती जागा तशीही छान आहे. मार्च १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला घेतला आणि वसईच्या खाडीचं तोंड मराठ्यांच्या हाती आलं. मे महिन्यात वसई पडली. टेकडीवर उभं राहिलं की समोर खाडी आणि पलीकडे वसई दिसते, आणि ही टेकडी इतकी मोलाची का होती ते नकाशाशिवाय समजतं.

परतीची वाट मोर्वे-राई-मुर्ध्यातून. पूर्वी हिवाळा सरला की मिठागरांच्या वाफ्यांत पांढरं चमकायला लागायचं. आता तसे वाफे थोडेच उरलेत. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्ध्यातच होणार होती. गावकऱ्यांनी विरोध केला आणि ती डोंगरीला हलवायचं ठरलं. तिथे प्रश्न उभा राहिला हजारो झाडांचा, आणि भांगाच्या रविवारी आम्हाला सावली देणारा चढ त्याच अंगाला. उत्तनहून विरारपर्यंत सागरी सेतूची योजना आहे. पुलाने कुणाचे तास वाचतील, ते मला कळतं. पण त्याचे खांब डोलीच्या खुंटांमध्ये येणार असतील, तर ओघ कुठून कसा वाहतो हे आधी उत्तन-पालीच्या तांडेलांना विचारायला हवं. पाऊणपटीचा हिशेब आम्हाला दिला, तसा हाही ते देतील.

यंदा नारळी पौर्णिमेनंतर गोराईच्या वाळूवरून सुरुवात करायची आहे. डोंगरीऐवजी तारोडीवरून जाणारी वाट आम्ही आखून ठेवली आहे, पण आधी डोंगरीचीच धावून बघू.