तारेतला सूर (लेखांक 8) : उडालेल्या रंगाचं मोल

तारांची थरथर टिपणाऱ्या पिकअपच्या चुंबकाविषयी गेल्या आठवड्यात लिहिलं, तेव्हा गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ गिटारचं नाव ओघात आलं होतं. आज तिच्याच किमतीविषयी. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कालामाझूच्या कारखान्यातून 1959 साली निघालेली लेस पॉल स्टँडर्ड तेव्हा तीनशे डॉलरच्या आत मिळत असे. आज अस्सल आणि नीट राखलेली असेल, तर तिचा भाव काही लाख डॉलरांत जातो.

या भावाचं मूळ अपयशात आहे. 1952 मध्ये सोनेरी रंगात आलेल्या लेस पॉलचा खप पाच-सहा वर्षांत ओसरला. म्हणून 1958 मध्ये कंपनीनं सोनेरी मुलामा काढून मेपलचं लाकूड उघडं दिसेल असा रंग दिला : कडेला लाल, मध्याकडे पिवळा होत जाणारा. हाच तो ‘सनबर्स्ट’. तरीही गिऱ्हाईक वळलं नाही. 1961 उजाडेपर्यंत त्या जागी पातळ अंगाचं, दोन शिंगांचं नवं मॉडेल आलं. कंपनीच्या नोंदीत 1959 मध्ये पाठवलेल्या स्टँडर्ड गिटारींचा आकडा 643 आहे. 1958 ते 1960 या तिन्ही वर्षांच्या सनबर्स्ट मिळून दीड हजाराच्या आसपासच भरतात.

मागणी आली ती नंतर, आणि इंग्लंडमधून आली. 1964 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सच्या हातात ही गिटार दिसू लागली. 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर एरिक क्लॅप्टननं तिचा जो जाड, लांबत जाणारा सूर ध्वनिमुद्रित केला, त्यानं वादकांना वेड लावलं. पाठोपाठ पीटर ग्रीन आणि जिमी पेज आले. 1968 मध्ये कंपनीनं लेस पॉल पुन्हा काढली खरी, पण सोनेरी आणि काळ्या रंगात. ज्यांना ‘ती’ हवी होती, त्यांच्यापुढे जुन्या गिटारी शोधण्यावाचून मार्ग उरला नाही.

मात्र 1959 ची म्हणून प्रत्येक गिटार एका भावाची नसते. सगळ्यात जास्त फरक पडतो तो मूळ रंगानं. कुणी हौसेनं पुन्हा रंगवली, की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. काम कितीही सफाईदार असलं तरी. नेक तुटून जोडलेली असेल, तर तोटा तसाच मोठा. फ्रेट बदलले तर मात्र फारसं बिघडत नाही, कारण वाजवलेल्या गिटारचे फ्रेट झिजणारच.

रंगाची गोष्ट इथेच संपत नाही. सुरुवातीच्या काळात वापरलेला लाल रंग उजेडात टिकत नसे. दुकानाच्या काचेमागे टांगलेल्या गिटारींचा लाल भाग उडाला. कुठे मधासारखी, कुठे लिंबासारखी पिवळी छटा उरली. 1960 मध्ये कंपनीनं न उडणारा लाल वापरून हा दोष दूर केला. आज संग्राहक त्या दोषावरच जीव टाकतात, कारण दोन गिटारींचा रंग सारखा उडत नाही. मेपलमधल्या वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषांचंही तसंच. आवाजात त्यांचा वाटा शोधून सापडणार नाही, पण ठसठशीत रेषांच्या गिटारला साध्या लाकडाच्या गिटारपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात. मला हे पटतं. माणसं वाद्य डोळ्यांनीही घेतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एवढा पैसा म्हटल्यावर नकली माल आलाच. म्हणून जाणकार आधी मागचं झाकण उघडतो. आतल्या व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवर बनवणाऱ्याचा क्रमांक, वर्ष आणि आठवडा ठोकलेला असतो. तो गिटारच्या वर्षानंतरचा निघाला, तर काहीतरी बदललं आहे. सोल्डर कधी सुटलं होतं का, हे तो पाहतो. अतिनील दिव्याखाली जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, नवा हात मारलेली जागा वेगळी दिसते. पिकअपखालची ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी बारीक पट्टीही तपासतो. अशी पट्टी असलेले पिकअप सुटेसुद्धा हजारो डॉलरना विकले जातात, त्यामुळे आता पट्ट्याही नकली मिळतात.

मालकाचं नाव मोठं असलं, की हे सारे नियम बाजूला पडतात. जानेवारी 2024 मध्ये लंडनला क्रिस्टीज या लिलावसंस्थेनं रॉक गिटारवादक मार्क नॉफ्लरच्या गिटारी लिलावात काढल्या. त्याच्या 1959 च्या अस्सल लेस पॉलला 6,93,000 पौंड आले. आणि 1983 मध्ये बनलेल्या, म्हणजे जेमतेम चाळिशीतल्या लेस पॉलला 5,92,200 पौंड! कारण ‘मनी फॉर नथिंग’ हे त्याचं गाजलेलं गाणं तिच्यावर वाजलं होतं. ही गाण्याची किंमत आहे, वाद्याची नव्हे. लिलावाच्या बातम्या वाचून आपल्या हातातल्या गिटारचा भाव ठरवायला निघणं म्हणूनच चूक आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत मुंबई-गोव्याच्या बँडमध्ये वाजलेल्या गिटारी आजही कुणाकुणाच्या घरी माळ्यावर असतील. लाखो डॉलरची गोष्ट सोडा. पण तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर तिला पॉलिश करू नका, रंग तर मुळीच देऊ नका. दुरुस्तीत काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून गिटारच्या पेटीतच ठेवा. पावती, पट्टा, ती वाजवतानाचा जुना फोटो असेल, तर तोही तिच्यासोबत असू द्या.