घरातला एक फोन आणि वाढती मुले

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. पुढील दोन दशके ती प्रामुख्याने कार्यालये, सायबर कॅफे आणि शहरांतील सुस्थितीतील घरे यांपुरतीच राहिली. २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद होताच अभ्यासच फोनवर आला. ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले.

या मुलांच्या पालकांनी इंटरनेट बहुधा मुलांबरोबरच, किंबहुना मुलांच्या मागून पाहिले. गॅसची नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेतून आलेला संदेश ही कामे घरातील आठवी-नववीचे मूल करून देते. माहितीचा ओघ पूर्वी वडीलधाऱ्यांकडून मुलांकडे वाहत असे. आता तो अंशतः उलटला आहे. त्यातून मुलाला आत्मविश्वास लाभतो हे खरे, परंतु ज्याला आपण विचारतो त्यालाच आवर घालणे पालकांना अवघड जाते. फोनवरून घराघरांत होणाऱ्या वादांचे मूळ पुष्कळदा या अवघडलेपणात असते.

‘असर २०२४’ नुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. या आकड्यांवर बरीच चर्चा झाली. त्याच अहवालातील दुसरी बाब मात्र अधिक बोलकी आहे: फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण २६.९ टक्के. घरात फोन एकच असेल, तर तो कोणाच्या हाती आधी जातो आणि काळजीपोटी कोणाच्या हातून काढून घेतला जातो, याचे उत्तर यात दिसते.

केरळमधील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात सायंकाळी ६ ते रात्री १० मोबाईल वापरण्यास बंदी होती. तिला विरोध करणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृह सोडावे लागले. ‘फहिमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य’ या खटल्यात सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ खालील शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. (सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा ‘अनुराधा भसीन’ निकाल अनुच्छेद १९ शी निगडित आहे, परीक्षार्थींनी दोहोंत गल्लत करू नये.)

अतिवापराची समस्या काल्पनिक नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने निराळी वाट धरली. तेथे २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याचा निर्णय झाला. हा नियम मुलामुलींना आणि मोठ्यांनाही सारखाच लागू होता. त्यामुळे तो शिक्षेसारखा वाटला नाही, आणि त्याचे बळ मला तरी यातच दिसते.

कायद्याची वाट वेगळी आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. मनाईची तरतूद थेट कंपनीला बांधते. संमतीच्या तरतुदीचे तसे नाही. पालकाला फोन मुलापेक्षा अधिक कळतो, हे तिने गृहीत धरले आहे. जेथे पालकाच्या फोनवर आलेला सांकेतिक अंक मूलच वाचून भरते, तेथे ही संमती नेमकी कोण देणार, हा प्रश्न अंमलबजावणी करणाऱ्यांपुढे आहे.