वोहेलो : एका कुटुंबाचं उन्हाळी शिबिर



बास्केटबॉल आपल्या मुलांना माहीत आहे. हिवाळ्यात छताखाली खेळता येईल असा खेळ शोधा, असं १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ यांना सांगणारे गृहस्थ म्हणजे ल्यूथर ग्युलिक. याच ग्युलिक यांनी पत्नी शार्लट यांच्यासोबत १९०७ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात, सेबागो तलावाकाठी मुलींचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. नाव ठेवलं 'वोहेलो'. वर्क, हेल्थ, लव्ह या इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं जोडून हे नाव झालं. म्हणजेच काम, आरोग्य आणि प्रेम.

यात काम पहिलं आहे, हे महत्त्वाचं. १९१० मध्ये या दांपत्याच्या पुढाकारातून 'कॅम्प फायर गर्ल्स' ही संघटना उभी राहिली. तिथे पोहण्यासारखाच स्वयंपाकाचा आणि घरकामाचाही मान होता. जी मुलगी काम पूर्ण करेल तिला रंगीत मणी मिळायचा. पहिला-दुसरा नंबर काढायची गरजच नव्हती.

१९१८ मध्ये ल्यूथर वारले. शिबिर मात्र थांबलं नाही. आधी शार्लट यांनी आणि नंतर घरातल्या पुढच्या पिढ्यांनी ते चालवलं.

आपण मात्र मे महिन्यात मुलांना एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला पळवतो. महागडं शिबिर परवडलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. शेजारपाजारची चार मुलं जमवा. भाकरी थापणं, झाडांना पाणी घालणं, मोठ्यांच्या देखरेखीत पोहणं, एवढंही पुरे. आणि हो, झालेल्या कामाचं कौतुक विसरू नका!