दंड मोठा, पण कोणासाठी?

संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या दुकानातून नवा अँड्रॉइड फोन घेतला, की गूगलचा शोध, क्रोम आणि यूट्यूब त्यात आधीच बसवलेले असतात. ही सक्ती फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर लादली, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. ऐकायला आकडा प्रचंड आहे. पण गूगलच्या मूळ कंपनीची, अल्फाबेटची, त्या वर्षीची उलाढाल सुमारे २८,३०० कोटी डॉलर होती. म्हणजे हा दंड तिच्या जेमतेम पाच तासांच्या उलाढालीएवढा!

मग कंपनी हलली कशाने? दंडासोबत आलेल्या आदेशांनी. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि काही दिवसांतच गूगलने भारतात नियम बदलले: फोन कंपन्यांना हवी तेवढीच ॲप घेण्याची मुभा आणि ग्राहकाला शोधयंत्र निवडण्याची सोय. पुढे अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले. माझ्या मते खरे नुकसान तिथे झाले.

२०२४ पासून दंड जागतिक उलाढालीवर मोजण्याची तरतूद लागू झाली आहे. ती योग्यच आहे; मात्र वागणूक बदलायला लावणाऱ्या आदेशांशिवाय नुसता दंड पुरणार नाही.