माळवदावरची माती आणि किल्लारीचा भूकंप



उसाचे बिल हाती आले की घराची डागडुजी निघते. पावसाळ्याआधी माळवदावर चार पाट्या माती टाकायची ही आपली जुनी रीत. मागल्या साली टाकलेली काढायची मात्र कुणाला आठवत नाही. म्हणून हे लिहितो आहोत.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर भागात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. जगाच्या हिशोबाने धक्का फार मोठा नव्हता. माणसे मारली ती घरांनी.

दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत म्हणजे भक्कम, असे आपण धरून चालतो. खरे तर ती एक भिंत नसतेच. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे चिपा आणि माती. हादरा बसला की थर एकमेकांना सोडतात. एक अंगणात पडतो, दुसरा अंथरुणावर. वर माळवद. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती असली तरी वजन चार टनांच्या पुढे जाते, म्हणजे उसाच्या भरलेल्या दोन बैलगाड्या डोक्यावर उभ्या! पुष्कळ घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या ढासळल्या, हेही ध्यानात घ्यावे. लोकांनी नंतर दगडाचीच धास्ती घेतली. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता.

पुढे ५२ गावे नव्या जागी बसविली. जमिनीच्या मानाने २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे दिली. घरे पक्की झाली, पण सरळ रेषेतल्या रस्त्यांवर भावकी पांगली, शेत लांब पडले, गुरांना जागा अपुरी. बाकीच्या गावांत जुनी घरे जागच्या जागीच दुरुस्त झाली. ज्यांचे घर उभे आहे त्यांना आमच्या मते हाच मार्ग परवडणारा.

काम गवंड्याच्या आवाक्यातले आहे. भिंतीत दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर दोन्ही थरांना धरणारा आरपार दगड हवा. जुनी भिंत असेल तर तिथे भोक पाडून, सळई घालून काँक्रीट भरायचे. भोके एकदम सगळी पाडू नयेत, एकेक भरत जावे. नवे घर असेल तर दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून सळईचा काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवर सलग फिरवा. नुसता दाराखिडकीपुरता तुकडा टाकून गवंडी "झालं की" म्हणतो, ते ऐकू नका. खिडकी कोपऱ्याला खेटून नको.

आणि माळवदावरची माती उतरवून वीतभर ठेवा. गळतीची भीती वाटते ना? खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरून मग माती पसरा. हे काम मिरगाच्या आधी उरकावे. भिजलेली माती उतरवणे फार जड जाते.