किल्ल्याआधी धोंडा!

सिंधुदुर्ग बघायला मालवणात आलेले बहुतेक पर्यटक थेट जेटी गाठतात, होडीत बसतात आणि किल्ला बघून परततात. किल्ल्याची गोष्ट जिथे सुरू झाली तो धोंडा मात्र राहून जातो. दांडीच्या किनाऱ्यावरचा हा मोरयाचा धोंडा. मालवणीत, मोरयाचो धोंडो!

25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी इथे पूजा केली आणि मग समुद्रात किल्ला उभा राहू लागला. याच वर्षी जानेवारीत सुरतेवर छापा पडला होता. वर्ष कसलं धावपळीचं असेल, विचार करा!

आता जरा खाली वाका. खडकात गणपती कोरलेला दिसेल. मोरया तो हाच. शिवलिंग, नंदी, पादुका आहेत, शिवाय चंद्र आणि सूर्यही. चंद्र-सूर्य कशासाठी? आपल्याकडच्या जुन्या दानलेखांच्या शिळांवरही ते असतात. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर हे टिको, असा त्याचा अर्थ. पाण्यात किल्ला बांधायला निघालेल्या माणसांना याहून नेमकं मागणं कुठलं सुचणार?

समोर कुरटे बेट. त्यावर 48 एकरांचा किल्ला, सुमारे 3 किलोमीटरचा नागमोडी तट. पायाचे चिरे शिसं ओतून घट्ट बसवले. महादरवाजा तर असा वळणात दडवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही.

माझी आवडती गंमत मात्र विहिरींची. चहूबाजूंना खारं पाणी आणि किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन बावी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. नावं ठेवणाऱ्याला पाण्याची चव किती लागली असेल!

आतलं शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं. इथल्या मूर्तीत शिवाजी महाराजांना दाढी नाही आणि डोक्याला नावाड्याची असते तशी टोपी आहे. दर्यावर्दींचा राजा!

1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. मालवणात आज हे नाव कोणाच्या तोंडी नाही. 2025 मध्ये किल्ला जागतिक वारशाच्या यादीत गेला, तो सिंधुदुर्ग म्हणूनच.

धोंड्यापाशी जायचं तर उन्हं कलल्यावर जा. तिरप्या उजेडात कोरलेल्या रेषा उठून दिसतात. आधी चंद्र-सूर्यावरून बोट फिरवा, मग मान वर करा. पाण्यापलीकडे तटाची काळी रेघ असते.