मुलगी गणित घेते म्हणाली तर

बारावीचा निकाल लागला, की आमच्या गल्लीतल्या एखाद्या वहिनी हमखास विचारायला येतात. "बाई, पोरगी नुसतं गणित घेऊन कॉलेज करायचं म्हणते. इंजिनिअरिंग नको, फार्मसी नको. काय करायचं हो?" मला विचारायचं कारण म्हणजे मी एका शाळेत अर्धवेळ गणित शिकवते आणि माझी पदवीही गणिताचीच, बी.ए.ची. बी.ए.ला गणित असतं हे ऐकूनच निम्म्याजणी चकित होतात!

एक गोष्ट आधी सांगून टाकते. शाळेतलं गणित आणि कॉलेजातलं गणित या सख्ख्या बहिणी नव्हेत, फार तर जावा-जावा. शाळेत सूत्रात आकडे घातले, उत्तर आलं, की संपलं. कॉलेजात पहिल्याच वर्षी प्रश्न येतो, "हे खरं कशावरून?" बारावीत पंच्याण्णव मार्क मिळवणारी मुलगी तिथं रडकुंडीला येते. तिला गणित येत नाही असं नसतं. तिच्याकडून आजवर कुणी हे मागितलेलंच नसतं.

आता हेच पाहा. एका ताटात आधी एक भाकरी वाढा, मग अर्धी, मग चतकोर, मग चतकोराची निम्मी. असं जन्मभर वाढलंत तरी दोन भाकऱ्या पुऱ्या व्हायच्या नाहीत. दुसऱ्या ताटात एक भाकरी, मग अर्धी, मग तिसरा हिस्सा, चौथा, पाचवा असं वाढा. तुकडे इथंही लहानच होत जातात. हेही कुठंतरी थांबेल असं वाटतं ना? थांबत नाही, बरं का. दहा भाकऱ्यांच्या वर जायला १२,३६७ वेळा वाढावं लागतं, विसाच्या वर जायला २७ कोटींहून जास्त वेळा, पण जातं. मोबाईलवर बेरीज करत बसलात तर हे कधीच पटणार नाही. विचार केला तर पाच मिनिटांत पटतं. तिसरा आणि चौथा हिस्सा मिळून अर्धीपेक्षा जास्त. पाचवा ते आठवा, हे चार तुकडे मिळून पुन्हा अर्धीपेक्षा जास्त, कारण त्यातला सगळ्यात लहान तुकडाच आठवा हिस्सा आहे. नववा ते सोळावा, परत तेच. अशा अर्ध्या-अर्ध्या भाकऱ्या संपतच नाहीत! चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम नावाच्या धर्मगुरूची ही युक्ती. हे ऐकून मुलीचे डोळे चमकले तर तिला खुशाल गणित घेऊ द्या. "परीक्षेला येतं का?" असं विचारलं, तर मात्र जरा थांबा.

मंगला नारळीकरांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणिताच्या एम.ए.ला त्या पहिल्या आल्या. पीएच.डी. मिळाली १९८१ साली, लग्नाला पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर, तीन मुलींचं सगळं करून. घराला आपण आधी स्थान दिलं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. वाचून मला धीर आला आणि थोडं टोचलंही. माझं एम.ए. लग्नानंतर राहिलं ते राहिलंच. सासरी कुणी नको म्हटलं नाही. फक्त परीक्षेच्या महिन्यात "स्वयंपाकाचं मी बघते" असंही कुणी म्हटलं नाही.

म्हणून आयांना माझं सांगणं असतं, की मुलीला रोज सलग दोन तास द्या. कुकरच्या शिट्ट्या मोजत इतिहास वाचता येत असेल, गणिताची सिद्धता सुटत नाही. मध्येच "जरा दूध बघ गं" म्हटलं, की धागा तुटला.

नोकरीचं खरं सांगायचं तर नुसत्या पदवीवर फारसं काही हाती लागत नाही. शाळेसाठी बी.एड., कॉलेजसाठी एम.एस्सी. आणि वर नेट किंवा सेट. तरीही कित्येकजणी तासिका तत्त्वावरच वर्षं काढतात. संख्याशास्त्र, संगणक, विम्याचं गणित या वाटा त्या मानाने बऱ्या. पैशाची अडचण असेल तर राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची एम.एस्सी.साठी शिष्यवृत्ती आहे. तिची परीक्षा अवघड, पण देऊन बघावी. १९९३ पासून उन्हाळ्यात एम.टी.टी.एस. नावाची गणिताची शिबिरं होतात. तिथं निवड झाली तर पोरगी महिनाभर गणितच खाते-पिते. "एकटीला कसं पाठवायचं?" हा प्रश्न येणारच. मी तर म्हणेन, पाठवा.

आणि प्रवेश घेण्याआधी कॉलेजात स्वतः जाऊन या. गणित शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून मिळतं का, पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि गेल्या वर्षी शेवटच्या वर्गात किती मुलं होती, एवढं ऑफिसात विचारा. बरोबर मुलीलाही न्या. प्रश्न तिलाच विचारू दे.